मामाजी, तुमचे भालेवाले

मामाजी, परवा तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, अंगणातला मंडप सुटला, आणलेली मोठी भांडी वापस गेली. आज दुपारी मी पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. माझ्याच खुर्चीवर बसले, तुमची खुर्ची तशीच बाजूला आहे. पडद्यावरच्या खेळात तुम्ही मांडून ठेवलेली फौज जशीच्या तशी उभी आहे. चार पलटणी भालेवाले, त्यांच्या मागे तिरवाले, डाव्या हाताच्या झाडीत माझे लोखंडी घोडे, चिलखतवाले. समोर शत्रू, आपल्या दुप्पट. "उद्या जेवण झाल्यावर लढू," असं म्हणून तुम्ही उठले होते. तो उद्या काही आलाच नाही. आता ही लढाई मला एकटीला लढायची आहे, आणि त्याच्याआधी तुमच्याशी एक बोलणं राहून गेलं आहे.

तेरवीला लोक काय काय बोलले ते ऐकायला पाहिजे होतं तुम्ही. "दशरथभाऊ म्हणजे गरीब माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात." "जन्मभर आपलं धान भलं आन् आपण भले." मी आत भात काढत होते, आणि असा राग आला मामाजी, की झारा आपटून बाहेर यावं आणि सांगावं, अहो, या गरीब माणसानं चिलखत घातलेल्या घोडदळाची नदीच्या उतारावर माती केली आहे! नुसत्या शेतकरी भालेवाल्यांच्या जोरावर! पण सांगणार कोणाला? माहीत फक्त मला, आणि थोडंफार तुमच्या मुलाला. त्यालाही वाटायचं, सासरा-सून मिळून टाइमपास करतात.

मला आपला पहिला दिवस आठवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमचा मुलगा कोहमाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, घरी येणार शनिवारी. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेलेल्या. कुडव्याच्या या दोन खोल्यांत तुम्ही आणि मी, आणि आपल्यात दिवसाला दोन वाक्यं. "जेवण वाढू?" "वाढ." बस. घरी बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरता यावेत म्हणून मला हा जुना कॉम्प्युटर घेऊन दिलेला. पॉलिटेक्निकच्या होस्टेलात आम्ही मुली जो खेळ खेळायचो, तो मी गुपचूप त्यात टाकून घेतला होता. जुन्या काळचे राजे, किल्ले, फौजा. तुम्ही नागऱ्याला आपल्या शेतावर गेले की दार लोटून मी खेळायची. त्या दिवशी तुम्ही लवकर आले. मी डोक्यावर पदर ओढला आणि घाईघाईनं कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. मनात म्हटलं, झालं, आता माहेरी फोन जातो.

तुम्ही चपला काढल्या, पाणी पिले आणि म्हणाले, "बंद काऊन केलं? तो घोडेवाला कोठी जाऊन राहिला होता?"

काय सांगू मामाजी, मला हसावं की रडावं कळेना. मी पडदा पुन्हा चालू केला. घोडेवाला तोवर खंदकात पडून मेला होता. तुम्ही म्हणाले, "पाहा, लक्ष नाही ठेवलं."

मग पंधरा दिवस आपलं ते अजब खेळणं चाललं. तुम्ही खुर्चीवर, आणि मी तुमच्या मागे उभी, पदर सावरत. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीवर बसायचं नाही, हे तुम्ही शिकवलं नव्हतं, मी माहेरूनच घेऊन आले होते. उभ्यानं सांगायची, इथं दाबा, तिथं ओढा. एकदा ऐन लढाईत मी वाकून माउस धरायला गेले आणि पदर तुमच्या चष्म्यावर पडला. तेवढ्यात उजवी बाजू साफ झाली. तुम्ही उठले, आतून प्लास्टिकची खुर्ची फरफटत आणली, आपल्या खुर्चीला लावून ठेवली आणि म्हणाले, "बस. अशी लढाई होते का कुठं? सेनापती उभा अन् शिपाई बसून!" मी म्हटलं, "मामाजी, कोणी पाहिलं तर?" "पाहू दे. त्याले म्हणा, दम असंल तर किल्ला घेऊन दाखव."

त्या दिवसापासून मी या घरात राहायला लागले, असं मला वाटतं. त्याच्याआधी मी नुसती आलेली होती.

पण खरं सांगू का, पहिले पहिले तुम्ही खेळायचे भलतेच खराब. तुमची पहिली पूर्ण लढाई मी कशी विसरणार? मैदानाच्या मधोमध हिरवं शेत होतं. शत्रू त्या पलीकडे. मी म्हटलं सरळ चाला. तुम्ही सगळी फौज शेताला वळसा घालून न्यायला लागले, कडेकडेनं, एकामागे एक, शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून चालल्यासारखी. "मामाजी, हे काय?" तर तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच काही पाप बोलले. "उभ्या पिकातून कोण चालते वं?" तिकडून शत्रूचे घोडे शेताच्या मधून सुसाट आले आणि लांबच लांब पसरलेली आपली रांग त्यांनी मधून तोडली. पाच मिनिटांत खेळ खतम. तुम्हाला हरल्याचं काहीच नव्हतं. "उभ्या धानातून घोडे नेऊन राहिले! कोणत्या जातीचे लोक व्हय हे?" हेच तुम्ही संध्याकाळच्या जेवणापर्यंत म्हणत होते. मी म्हटलं ते धान नाही, चित्र आहे. "तुले चित्र दिसते, मले धान दिसते," तुम्ही म्हणाले, आणि त्यानंतर कधीही, अगदी मार खात असतानाही, पिकातून फौज नेली नाही. फक्त एवढं शिकून घेतलं की समोरचा मात्र नेणार, आणि सरळ रेषेतच नेणार. मग शेताच्या अलीकडच्या कडेला तिरवाले लपवायला लागले.

हेच तुमचं मला फार आवडायचं. तुम्ही खेळाचे नियम वाचले नाहीत, इंग्रजीत होते म्हणून नाही, मी वाचून दाखवायला तयार होते. तुम्ही म्हणायचे, "राहू दे. आपण पाहून घेऊ." आणि पाहायचे, खरंच. मी सगळी भरती लोखंडी घोड्यांची करायची. देखणे, चकचकीत, धडक दिली की समोरचा उडालाच. तुम्ही म्हणाले, "हे लोणचं व्हय. लोणच्यानं पोट भरते का? भालेवाले म्हणजे भात. अर्धं ताट भात पायजे. मंग तिरवाले, वरणासारखे. घोडा बोटभर, कडेले." मी हसून हसून लोळले. पण माझी नुसत्या घोड्यांची फौज किल्ल्यासमोर गेली आणि भिंत पाहत उभी राहिली, तेव्हा तुमचा भातच कामी आला. नंतर मी घोड्याची एक जादा पलटण मागितली की तुम्ही एवढंच विचारायचे, "लोणचं पायजे का बेटा?"

आणि तुमची ती पाण्याची युक्ती! लोखंडी घोडे अंगावर आले की मी भालेवाल्यांची रांग अजून दाट करायची. दाट केली की धडक अजूनच जोरात बसायची. दोनचार वेळा पाहिलं आणि तुम्ही माझा हात बाजूला केला. "धानाच्या बांधीत पाणी जास्त झालं तं आपण का करतो? अडवून बसलं तं धुरा फुटते. वाट द्याव लागते." तुम्ही रांगेच्या मधोमध जागा मोकळी ठेवली, ऐनवेळी. घोडे तिकडेच घुसले, समोर तिसरी पलटण होती तिथं अडले, वेग गेला, आणि दोन्ही बाजूचे भाले आत वळले. मी तोंडावर हात ठेवून पाहत राहिले. असा डाव होस्टेलातल्या एकाही मुलीला सुचला नव्हता, आणि आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो.

मी तो डाव शिकायला किती धडपडले. वाट लवकर उघडली तर घोडे वळून बाजूवर येतात, उशिरा उघडली तर मधली पलटण तुडवली जाते. "मामाजी, तुम्हाला कळते कसं?" तुम्ही डोळे मिटायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका डोळ्यानं तुम्हाला तसंही कमीच दिसायचं. स्पीकरमधून टापा यायच्या. "ऐक. आता वेगळे वेगळे वाजून राहिले. थांब. थांब. आता एकच आवाज झाला. खोल!" मला तो फरक आजवर ऐकू आला नाही. मी हो हो म्हणायची आणि तुमच्या "खोल"ची वाट पाहायची.

उगाच गोड गोड लिहीत नाही हां मी. तुम्ही हट्टी होते. फौज मांडायला तुम्हाला एक तास लागायचा, तेवढ्यात माझी कुकरची शिट्टी होऊन भाजी फोडणीला पडायची. पहिला वार आपण करायचा नाही, हा तुमचा नियम मला कधीच पटला नाही. आणि माघार! जरा जड जायला लागलं की तुम्ही शिंग फुंकून सगळ्यांना वापस बोलवायचे. मी म्हणायची, अजून थोडा वेळ टिकले तर जिंकतो. तुम्ही म्हणायचे, "जिंकू ना. उद्या जिंकू." आपण कितीतरी किल्ले असे हातचे घालवले. त्यावरून मी तुमच्याशी इतकी भांडले की शेजारच्या काकूंना वाटायचं, सासरा-सुनेचं पटत नाही.

आता ते राहिलेलं बोलणं.

नागऱ्याच्या मंडईचा दिवस होता, दिवाळीनंतरची ती जत्रा. तुम्ही सकाळीच गेले, दोस्तांत बसायला, रात्री दंडारीचं नाटक पाहून दुसऱ्या दिवशी येणार होते. आपली लढाई अर्ध्यावर होती. तुमच्या अगदी पहिल्या मोहिमेतली भालेवाल्यांची पलटण त्यात होती, झेंड्याजवळ अनुभवाच्या तीन पट्ट्या असलेली. किती लढायांतून तुम्ही तिला जपून आणलेलं. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत जिंकून दाखवते. मी ती पलटण एकटी मोकळ्या मैदानात पुढं पाठवली. आमिष म्हणून. शत्रूचं सगळं घोडदळ तिच्यावर तुटून पडलं. ते तिथं गुंतले, आणि माझे घोडे मागून आले. असा विजय आपण कधी मिळवला नव्हता. राजधानीच हातात आली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आले तेव्हा मी चहासुद्धा न ठेवता तुम्हाला खुर्चीत बसवलं. तुम्ही पडदा पाहिला. एक एक पलटण मोजली. मग म्हणाले, "ते जुने भालेवाले कोठी आहेत?"

"ते गेले मामाजी. पण जिंकलो ना!"

"सगळे?"

"सगळे. अहो, सगळ्यात स्वस्त पलटण ती, नवीन भरती करू."

तुम्ही चष्मा काढून पुसला. "आपण धानाच्या रोवणीले बाया बोलावतो. दिवस मावळाच्या आत त्याईले त्याईच्या गावी नेऊन सोडाचं काम कोणाचं असते? आपलंच ना? ज्यानं बोलावलं त्यानं पोहोचवाव लागते."

मला ते लागलं. मी इतकी खुशीत होते आणि तुम्ही एक शब्द कौतुकाचा बोलले नाहीत. मी म्हटलं, "हा खेळ आहे मामाजी, तुमचं शेत नाही." एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण माझी जीभ! मी पुढं म्हटलं, "असं घाबरत घाबरत जगले म्हणूनच तुम्ही आयुष्यात कुठं पुढं गेले नाही."

तुम्ही "असंल" म्हणाले. उठले, दोरीवरचा दुपट्टा घेतला आणि शेतावर गेले. त्या दिवशी शेतावर काहीच काम नव्हतं, धान कापून झालेलं होतं.

मामाजी, ते मी का बोलले? पुढं न गेलेल्या माणसानंच मला खुर्ची आणून दिली होती. माझ्या बापानं मला परीक्षेचे मार्क सोडून कधी काही विचारलं नाही, आणि तुम्ही, रोवणी-कापणीतला माणूस, मला विचारायचे, "बेटा, आज आपण उजवीकडून जाऊन पाहू का?" माझं मत घ्यायचे. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी बोलले. चार दिवस आपण पुन्हा "वाढू?" "वाढ" वर आलो. पाचव्या दिवशी तुम्ही स्वतःच येऊन बसले. भालेवाल्यांच्या चार नव्या पलटणी भरती केल्या, कच्च्या, एकही पट्टी नसलेल्या, आणि मला म्हणाले, "चल, याईले शिकवू." मला वाटलं आता माफी मागावी. मग वाटलं, विषय निघाला नाही तर कायले काढायचा. असं करत करत दुसरी मंडईही होऊन गेली. आपण रोज शेजारी बसत होतो मामाजी, हातभर अंतरावर, आणि दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

त्याच चार पलटणी आज समोर उभ्या आहेत. तुमचा मुलगा सकाळी कोहमाऱ्याला निघताना म्हणाला, "काढून टाक तो खेळ. तुले त्रास होते." मी म्हटलं, एक लढाई राहिली आहे. त्यानं गाडी सुरू करून पुन्हा बंद केली, आणि थोडा वेळ तसाच फाटकात उभा राहिला. त्यालाही तुमची आठवण येते, पण त्याला ती कुठं ठेवावी कळत नाही.

तर मी लढाई सुरू केली. तुम्ही मांडलं होतं त्यातला एकही माणूस हलवला नाही. शत्रू नेहमीसारखा सरळ पिकातून आला. तुमच्या तिरवाल्यांनी त्याला कडेला गाठलं, निम्मं पायदळ तिथंच विस्कटलं. काय जागा निवडली होती मामाजी! मी एकटीच "वा!" म्हणून ओरडले. मग त्यांचं घोडदळ निघालं. मी डोळे मिटले. आवाज मोठा केला. ऐकलं, खूप ऐकलं. मला नुसत्या टापाच ऐकू येत होत्या. आता म्हणू की नंतर म्हणू, यातच वेळ गेला आणि मी वाट उघडली तोवर ते मधल्या पलटणीवर येऊन आदळले होते.

आणि तेव्हाच मला दिसलं, की मी ही लढाई जिंकू शकते. त्यांचे सगळे घोडे तुमच्या भालेवाल्यांत अडकले होते, पाठ झाडीकडे. झाडीत माझे लोखंडी घोडे ताजेतवाने. भालेवाल्यांना अजून थोडा वेळ तसंच मरू दिलं असतं, सगळं घोडदळ आत ओढलं जाऊ दिलं असतं, तर मागून एका धडकेत काम झालं असतं. मंडईच्या दिवशीचाच डाव. बोट माउसवर होतं. आकडा खाली जात होता, एक एक माणूस.

मी शिंग फुंकलं. भालेवाल्यांना मागं बोलावलं, टेकडीच्या पलीकडे. आणि ते निघून जाईपर्यंत मधे आडवे उभे राहायला माझे घोडे घातले, जे मी आजवर कधी असे घातले नव्हते. माझं सगळं लोणचं संपलं मामाजी. एकही घोडा वापस आला नाही. मी रडत रडत एकेका पलटणीला ओढून कडेला नेत होते, आणि तेव्हाही, तुमची शप्पथ, पिकाला वळसा घालूनच नेलं.

आपण हरलो. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं.

थोड्या वेळानं तुमच्या मुलाचा फोन आला. त्यानं विचारलं, "जिंकली का?" मी म्हटलं, "नाही, हरली." "मंग रडून कायले राहिली, पुन्हा खेळ ना," तो बिचारा म्हणाला. तो तसंच विचारणार, कोणीही तसंच विचारेल. तुम्ही असते तर जिंकलं-हरलं नंतर, पहिले विचारलं असतं, किती वापस आले?

एकशे साठांपैकी एकशे एकतीस, मामाजी. एकोणतीस माझ्या उशिरापायी गेले. बाकीचे मी पोहोचवले. त्या दिवशी मी चुकीचं बोलले होते, मला माफ करा.